माशी

परवाना कन्नडात आहे.
खानापूरच्या कारकुनानं नावातला एक काना खाल्ला,
कागदावर मी पार्वतीची पर्वती झाले.
नवरा वास्कोला, गोदीत. फोनवर म्हणाला,
राहू दे, टेकडी तर टेकडी,
पिकाच्या राखणीला बरी.

बंदूक बेळगावहून आली, कॅम्पातल्या दुकानातून,
जांबोटीच्या बसमध्ये गोणपाटात गुंडाळून
माझ्या मांडीवर आडवी.
शेजारची बाई विचारते, छत्री काय गं?
म्हटलं, हो. जरा मोठी आहे.

मष्णूकाका पलटणीतून हवालदार होऊन आलेला.
त्यानं नळीतून आधी आभाळ बघितलं,
मग मला दाखवलं:
उजेडाच्या कड्या, एकीत एक.
"छऱ्यांचं काय, मूठभर भात फेकल्यागत,
कुठलं तरी दाणं लागतंयच.
ही एकच गोळी. अंगठ्याएवढं शिसं.
हिला जवळपास म्हणजे काय ते कळत नाही."

खताच्या पिशवीवर कोळशानं गोल,
मागं बांधाची माती.
चाळीस पावलं. त्याची.
माझी त्रेपन्न भरली.

पदराची चौघडी खांद्यावर, वर दस्ता,
गालाला तेलाचा वास.
नळीच्या टोकाला पितळेचा एक दाणा,
त्याला माशी म्हणतात.
"माशी बघ. गोल धूसर झाला तरी चालंल."
मी तिच्याकडे इतकं बघितलं
की वाटलं, उडून जाईल.

पहिला बार डावीकडे खाली, वीतभर.
फणसावरचा धनेश उठला,
त्याच्या पंखांचा जुन्या भात्यासारखा आवाज
कान बधिर असूनही ऐकू आला.
दुसरा बार तिथंच.
तिसरा पिशवीच्या बाहेर.
मी म्हटलं, नळी वाकडी आहे, परत देऊन येऊ.

काका काही बोलला नाही.
पाठ वळवून काडतूस भरलं, बंदूक हातात दिली.
चाप ओढला.

टक्.

बार नाही, धूर नाही,
तरी नळीनं मान खाली घातली,
डावीकडे, वीतभर.
माझे डोळे मिटलेले, खांदा पुढं आलेला.
काडतूस रिकामं होतं.

"बंदूक सरळ हाय," तो म्हणाला.
"आवाज व्हायच्या आधीच तू भिऊलीस."

त्यानंतर रोज. काडतुसं महाग,
म्हणून दोन खरी, आठ खोटी,
कुठलं कधी ते त्यालाच ठाऊक.
श्वास अर्धा सोडायचा
आणि उरलेल्या अर्ध्यात राहायचं.
खांद्यावरचा डाग जांभळा होता, हिरवा झाला, मग पिवळा.
न्हाताना मी त्याच्यावरून दिवस मोजले.

"मेरू दिसला तर माशी वर," काकानं बजावलं.
मेरू, म्हणजे पुस्तकातलं सांबर.
"कागदावर राखण लिवलीय, शिकार नाही."

भात पोटरीत आलं.
माळ्यावर तिसरी रात्र, चांदणं पातळ,
आणि ती आली, बिनशिंगाची, एकटी,
मानेचे केस ओले.
घाई नाही. वाफ्याच्या कडेपासून
पंगतीला बसल्यासारखी खात सरकत होती.
चाळीस पावलं. काकाची.

बंदुकीत काय आहे मला माहीत नव्हतं.
संध्याकाळी त्यानंच भरली होती, पाठ वळवून.
माशी तिच्या खांद्यावर नेऊन बसवली
आणि खरीच माशी बसावी तशी
तिथली कातडी थरथरली.
अर्धा श्वास. त्यात मी किती वेळ होते, सांगता येत नाही.
इतका नेम मला पिशवीवर कधी लागला नाही.

मग नळी उचलली, किंदळाच्या शेंड्यावरून वर,
जिथं एक चांदणी होती, तिच्यावर धरली
आणि चाप ओढला.

टक्.

नळी हलली नाही.
केसभरही नाही.
बघायला कोणी नव्हतं.
मेरूनं एक कान माझ्याकडं वळवला,
थोडं थांबली,
आणि पुन्हा भाताला तोंड लावलं.

शेवटी डबाच बडवला.
तेलाचा, जुना, एका बाजूला चेपलेला.
त्याला परवाना लागत नाही.